‘तूच काढून दे’ म्हणणारं लेकरू : लातूरमधल्या एका घराचं प्रकरण

लातूरच्या जुन्या भागात दोन खोल्यांत भाड्यानं राहणारं हे कुटुंब मूळचं औसा तालुक्यातलं. थोरल्या लेकीच्या दहावीसाठी आई, आजी आणि दोन्ही लेकरं शहरात आली. वडील गावाकडंच राहिले, कारण सोयाबीन, तूर आणि देवणी बैलांची जोडी कुणावर टाकून येता येत नाही. शनिवारी संध्याकाळच्या एसटीनं ते येतात, सोमवारी पहाटे परत जातात. शिकवणीसाठी असं अर्धं बिऱ्हाड घेऊन आलेली घरं लातुरात गल्लोगल्ली आहेत. मी ज्याच्याबद्दल लिहितेय तो या घरातला धाकटा, वय साडेचार, ज्युनियर केजीत जाणारा. घरच्यांना विचारूनच लिहिते आहे. नावं मात्र मुद्दाम देत नाही.

मी बरीच वर्षं बालवाडीत शिकवलं आणि त्यांच्याच गल्लीत राहते, म्हणून त्याची आई माझ्याकडं आली. तिची तक्रार अशी : “काकू, ह्याला कागद दिला की हा ताईकडं सरकवतो. म्हणतो, तूच काढून दे. गावाकडं होता तर सगळ्या भिंती रेघोट्यांनी भरवल्या होत्या ह्यानं. आता पेन्सिल हातात धरंना. बाई म्हणतात, लिहायला मागं पडायलाय.”

तिला काळजी लिहिण्याची होती. मला जास्त काळजी त्या सरकवलेल्या कागदाची वाटली. साडेचार वर्षांचं लेकरू चित्र काढायचं सोडतं, ते कंटाळून क्वचितच. बहुतेकदा आपलं चित्र चांगलं नाही असं त्याला कुणीतरी पटवलेलं असतं, आणि पटवणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो.

घरात काय दिसलं

दुपारी ताईची शिकवणी सुटल्यावर मी त्यांच्याकडं बसायला जाऊ लागले. ताईचा हात खरंच चांगला आहे. चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेत तिला ए ग्रेड मिळालेली, दहावीला वाढीव गुण मिळतात म्हणून इंटरमिजिएटही दिलेली. भावासाठी ती मायेनं चित्र काढायची : दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, खाली वळत येणारी नदी, काठावर झोपडी आणि नारळाचं झाड. औशाच्या माळावर वाढलेल्या या लेकरानं नारळाचं झाड पाहिलेलं नाही. तरी तोच म्हणायचा, “ताई, झाड कर. ताई, आता पक्षी कर.” त्याचं काम हुकूम सोडायचं. शेवटी ती म्हणायची, “आता रंग भर,” तर तो दोन रेघा मारून उठायचा.

शाळेच्या वहीत छापील आकार होते. आंबा, छत्री, मासा. रंग रेघेबाहेर गेला नाही तर लाल चांदणी. त्याच्या वहीत चांदण्या कमी होत्या. जिथं होत्या ती पानं ताईनं रंगवलेली होती.

आणि तिसरी गोष्ट, हस्तकलेचा गृहपाठ. ‘पावसाळा’ या विषयावर पुठ्ठ्याची छत्री आणि कापसाचे ढग आईनं रात्री अकराला बसून केले. मुलगा तेव्हा झोपला होता. दुसऱ्या दिवशी वर्गात त्याच्यासाठी टाळ्या वाजल्या. लेकराला हे सगळं कळतं. टाळ्या आईच्या छत्रीला आहेत आणि आपल्या रेघोट्यांना कुणी वाजवत नाही, हे साडेचार वर्षांच्या मुलाला आपल्यापेक्षा लवकर कळतं.

या घरात कुणाचा हेतू वाईट नव्हता. ताई लाडानं काढून देत होती. आई नोकरीवरून येऊन रात्र जागत होती. पण सगळ्यांच्या मायेतून त्या मुलानं एकच अर्थ काढला : चांगलं चित्र म्हणजे ताईसारखं, आणि ते ताईच काढणार.

हे वयही तसं नाजूक आहे. कलाशिक्षणाचे अभ्यासक व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी 1947 मध्ये मुलांच्या चित्रांचे जे टप्पे मांडले, त्यांत साधारण 2 ते 4 वर्षं रेघोट्यांची आणि 4 ते 7 ही आकारांना अर्थ जोडण्याची. म्हणजे चौथ्या वर्षापर्यंत मूल हात फिरवण्याच्या आनंदासाठी रेघा ओढतं, आणि मग हळूहळू ‘हा बाबा, हे घर’ असं म्हणू लागतं. पहिला माणूस बहुतेक मुलांचा सारखाच असतो : एक मोठा गोल, त्याला थेट खाली फुटलेले दोन पाय, पोट नाहीच. तो अगदी बरोबर माणूस आहे, त्या वयाचा. नेमकं तेव्हाच त्याच्यापुढं इंटरमिजिएटच्या तयारीतला देखावा ठेवला तर मूल आपला गोल पुसून टाकतं.

पेन्सिलीचं म्हणाल तर तिथं हाताचाही प्रश्न असतो. मनगटात 8 छोटी हाडं असतात. जन्मतः ती सगळी कूर्चेची, मऊ असतात आणि एकेक करत अनेक वर्षं घट्ट होत जातात. शेवटचं तर आठव्या वर्षानंतर कधीतरी. अशा हाताला बारीक रेघेत कोंबून अक्षरं गिरवायला लावण्याआधी मळणं, दाबणं, पिळणं, फाडणं, ओढणं भरपूर मिळालं पाहिजे. पूर्वी ते गावात आपोआप मिळायचं. दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात ते ठरवून द्यावं लागतं.

आधी काय करून झालं होतं

आईनं माझ्याकडं येण्याआधी तीन गोष्टी केल्या होत्या.

ऑनलाइन मागवलेला हस्तकलेचा तयार संच. त्यात कापलेले तुकडे, चिकटवायच्या जागा छापलेल्या आणि खोक्यावर तयार मोराचं चित्र. मुलाचा मोर खोक्यावरच्या मोरासारखा झाला नाही, रडारड झाली, आणि उरलेला मोर ताईनं पूर्ण केला. मला असे संच मुळीच आवडत नाहीत. त्यात मुलानं ठरवायला काही शिल्लकच ठेवलेलं नसतं.

मोबाइलवरचे व्हिडिओ. ‘बघून कर’ म्हणून लावले, त्यानं नुसते पाहिले. पडद्यावरचा हात भराभर चालतो, मुलाचा हात तेवढा चालत नाही, म्हणून ते पुढचा व्हिडिओ लावतं. जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 मध्ये या वयासाठी बसून पडदा पाहण्याची मर्यादा दिवसाला 1 तास सांगितली. या घरात तो तास हस्तकलेच्याच नावाखाली संपत होता.

तिसरी, कणकेचा गोळा. इथं आजी आडवी आली. आजी 1972 च्या दुष्काळात खडी फोडायला गेलेली. मिलो ज्वारीच्या भाकरी खाऊन ते वर्ष काढलेली. ती सुनेला म्हणाली, “आन्न हाय ते. त्याचा चिखल कामून करायचा?” सुनेला ते जुन्या वळणाचं वाटलं. मला आजीचं म्हणणं पूर्ण पटलं. मीठ घालून मळलेली कणीक खेळायला चांगली असते यात शंका नाही. गव्हात चिकटपणा असतो म्हणून ती ताणली जाते, मिठामुळं लवकर आंबत नाही. पण ज्या घरात अन्नाची अशी आठवण आहे तिथं मुलाच्या खेळासाठी आजीचं मन मोडायची काही गरज नाही. मातीही तेच काम करते, उलट जास्त चांगलं.

पाणी आणि फरशी

सुरुवात मी कागदापासून केली नाही. कागद म्हणजे त्याच्यासाठी परीक्षा झाली होती.

त्या घरात शहाबादी फरशी आहे, काळपट राखाडी. एका वाटीत पाणी घेतलं, वडिलांचा दाढीचा जुना ब्रश दिला आणि काहीच सांगितलं नाही. ओल्या ब्रशाची रेघ शहाबादीवर गडद उमटते आणि थोड्या वेळात वाळून जाते. त्यानं एक रेघ ओढली. ती जाताना पाहिली. मग दुसरी. मग पहिली जायच्या आत किती ओढता येतात याची शर्यत सुरू झाली. ‘ताई, तू काढ’ हे वाक्य त्या दुपारी आलं नाही. पुसलं जाणारच आहे तर चांगलं-वाईट ठरवणार कोण?

आईनं विचारलं, यातून हातात काय राहिलं, शाळेला काय दाखवायचं? मी म्हणाले, आत्ता हातात काही राहू नये हेच बरं.

पाण्याबद्दल एक सांगायला हवं, कारण लातुरात पाण्याचा विषय वरवरचा नसतो. 2016 च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, पहिल्या गाडीच्या 10 वॅगनमधून 5 लाख लिटर. त्या वर्षी या मुलाची आई माहेरी घागरी घेऊन रांगेत उभी होती. तेव्हा ‘मुलांना पाण्याशी खेळू द्या’ असा सल्ला इथं बादलीभर देता येत नाही. नियम एकच ठेवला : एक वाटी, आणि उरलेलं तुळशीला. मुलानं तो आईपेक्षा कडक पाळला.

काही दिवसांनी ब्रशाच्या जागी खडू आला. फरशीवरच. खडूची रेघ वाळून जात नाही, पण फडक्यानं पुसता येते. कागद अजूनही कपाटातच होता.

मातीचा बैल

पोळा जवळ आला तसं मी वडिलांना निरोप दिला की येताना माती आणा. त्यांनी शेतातली काळीभोर माती पिशवीभर आणली. मोरीजवळ ज्वारीचं धुतलेलं रिकामं पोतं अंथरलं आणि बाप-लेक बसले. खताचं पोतं वापरू दिलं नाही. ते कितीही धुतलं तरी नको.

मुलानं आधी विचारलंच, “बाबा, तुमी करून देता?” वडिलांना आधी समजावून ठेवलेलं होतं. ते म्हणाले, “मी माझा करतो. तू तुझा कर.” आणि त्यांनी पाठ थोडी वळवली, म्हणजे मुलाला त्यांचा बैल समोर दिसू नये.

मग ताईनं जे केलं ते मला फार आवडलं. तिनं काढून दाखवलं नाही, विचारलं : “सुट्टीत बाबांनी तुला बैलावर बसवलं होतं, तेव्हा तू काय धरलं होतंस?”

“वशिंड.”

आणि त्यानं वशिंड केलं. दोन्ही हातांनी गोळा वर ओढून, थापटून, पुन्हा ओढून. अख्ख्या मातीतली निम्मी वशिंडालाच गेली. डोकं सुपारीएवढं. शिंगांना तुराटीच्या दोन काड्या. पाय लावले तर वरच्या वजनानं ते बसले. वडिलांचा हात पुढं आला, “पाय नीट लावू का रे?” मुलगा क्षणभर बैलाकडं पाहत राहिला आणि म्हणाला, “नगं. त्यो बसलाय. रवंथ करायलाय.”

मी इतकी वर्षं मुलांबरोबर काढली, पण असं उत्तर ऐकलं की अजूनही आनंदानं भरून येतं. त्याला अडचण आली आणि ती त्यानं स्वतः सोडवली, तीही त्यानं पाहिलेल्या खऱ्या बैलाच्या आधारानं. ताईच्या देखाव्यात हे त्याला कधी सापडलं नसतं.

रात्रीतून बैल तडकला. वशिंड उभं फाटलं. सकाळी त्यानं तो पाहिला, रडला, आणि जुनं वाक्य परत आलं : “तुमीच करून द्या.” वडील गंजगोलाईच्या बाजारातून रंगवलेला बैल आणायला निघालेच होते. त्यांना आजीनं थांबवलं.

आजी म्हणाली, “काळी माती तडकणारच. वल्ली झाली की फुगती, वाळली की आकसती. माळवदाला कोण काळी घालतंय का? पांढरीच घालतेत.” माळवद म्हणजे मातीचं सपाट छत. ती म्हणाली ते तंतोतंत खरं आहे. मराठवाड्याच्या काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचं चिकणखनिज भरपूर असतं. त्याच्या पापुद्र्यांत पाणी शिरलं की ते फुगतं, निघालं की आकसतं. उन्हाळ्यात रानाला भेगा पडतात त्या याचमुळं. आजीनं पुढचा उपायही सांगितला : गावातली पांढरी माती, चुलीची चाळलेली राख आणि बारीक भुसकट. भुसकटाचे धागे मातीला धरून ठेवतात. अजिंठ्याच्या लेण्यांत चित्रांखाली जो मातीचा लेप आहे, त्यातही तूस आणि वनस्पतींचे धागे मिसळलेले आहेत. आपल्याकडच्या घराच्या भिंती लिंपणाऱ्या बायकांना हे कुणी शिकवावं लागलं नाही.

त्याआधी फाटक्या बैलाचं काय करायचं हा प्रश्न होता. तो फेकू दिला नाही. न भाजलेली वाळकी माती पाण्यात ठेवली की आपोआप सुटते. वाटीत बैल ठेवला तसे बुडबुडे यायला लागले, एकेक पापुद्रा गळून खाली बसायला लागला, शेवटी तुराटीच्या काड्या तेवढ्या वर तरंगल्या. मुलगा पोटावर झोपून, हनुवटी हातावर टेकवून ते पाहत होता. रडणं केव्हाच थांबलं होतं. तळाचा चिखल त्यानं हातात घेतला आणि आजीला दाखवला, “ही बैलाची माती हाय. ह्याचाच परत करू.”

पुढच्या रविवारी गावची पांढरी माती आली. दोन ओंजळी माती, त्यात जुन्या बैलाचा चिखल, मूठभर राख, मूठभर भुसकट. आजीनं मळायला शिकवलं, तळहाताच्या टाचेनं दाबून, जशी ती भाकरीचं पीठ मळते. राखेनं हात कोरडे पडतात, म्हणून नंतर धुऊन खोबरेल लावलं. दुसरा बैलही बसलेलाच झाला, या वेळी त्याच्या मनानं. तो सावलीत, आधी ओल्या फडक्याखाली वाळवला. एका मागच्या पायाजवळ बारीक चीर गेली, बाकी टिकला. वडिलांच्या देवणी बैलाच्या अंगावर काळे ठिपके आहेत, म्हणून यालाही हवे होते. तिथून रंगांचा विषय निघाला.

रंग

काळ्यासाठी आजीनं दिव्यावर ताटली धरून काजळी जमवली. दिव्याचं काम मोठ्यांचंच. लाल म्हणून गेरू. पिवळी हळद वसमतकडची, घरातलीच, आणि चिमूटभर हळदीला आजीचीही हरकत नव्हती. अजिंठ्यात निळ्यासाठीचा दगड दुरून आणावा लागला, पण लाल, पिवळा, काळा हे रंग असेच गेरू, पिवळी माती आणि काजळीतून आलेले आहेत. ताईला हे इतिहासाच्या पुस्तकापेक्षा जास्त आवडलं.

नुसता गेरू पाण्यात कालवून लावला तर वाळल्यावर बोटाला येतो. त्याला धरून ठेवणारं काहीतरी लागतं. बाभळीचा डिंक रात्रभर भिजवून, गाळून त्यात मिसळला की रंग बसतो. दुकानातल्या जलरंगातही मुख्यतः अशाच जातीच्या झाडाचा डिंक असतो.

हळदीनं मात्र सगळ्यांना खिळवून ठेवलं. कागदावर हळदीचं पाणी फासलं, वाळवलं आणि ब्रश साबणाच्या पाण्यात बुडवून वरून फिरवला. रेघ लाल उमटली. कपड्यावरचा हळदीचा डाग साबण लागला की लाल होतो हे प्रत्येक आईनं पाहिलेलं असतं, पण त्यानं चित्र काढता येतं हे तिच्या डोक्यात आलेलं नव्हतं. लाल रेघेवर लिंबाचा थेंब टाकला की ती परत पिवळी. कागद कपाटातून बाहेर आला तो असा. कुणी ‘चित्र काढ’ म्हटलंच नाही. काही ठिकाणी हाच लाल रंग चुन्यानं करायला सांगतात. लहान मुलाच्या हातात चुना मुळीच देऊ नये. तो डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो. साबणाचं पाणी पुरतं.

जे मी घराबाहेर ठेवायला लावलं

हा भाग शेतकरी कुटुंबांनी जपून वाचावा अशी माझी कळकळीची विनंती आहे. वडिलांनी एका रविवारी बिया चिकटवायच्या खेळासाठी पेरणीतून उरलेलं सोयाबीन आणलं, छान गुलाबी रंगाचं. तो रंग बीजप्रक्रियेच्या बुरशीनाशकाचा. असं बियाणं मुलाच्या हातात जाताच कामा नये. फवारणीच्या औषधांच्या रिकाम्या बाटल्या आणि झाकणंही तशीच, कितीही धुतली तरी.

गुंजा दिसायला सुंदर, पण विषारी आहेत. एरंडाच्या बिया तशाच. धोत्रा आणि कण्हेरही नको. सीताफळाच्या बिया फुटून त्यांची पूड डोळ्यात गेली तर डोळ्याला इजा होते. आम्ही शेवटी चिंचोक्यांवर थांबलो, तेही कुणीतरी शेजारी बसलेलं असताना, कारण या वयात बी नाकात किंवा कानात जातं. तूर-हरभऱ्यासारखं कडधान्य तर आत ओलाव्यानं फुगतं. घरात तीन वर्षांखालचं मूल असेल तर चिंचोकेही नको. थर्माकोलचे मणी आणि चमकी आम्ही आणलीच नाही. माती चाळून घेतली, काच-खिळा नाही हे पाहिलं, आणि धनुर्वाताच्या लसीचं कार्ड तपासलं. पाचव्या-सहाव्या वर्षीचा बूस्टर अनेक घरांत राहून जातो.

मोठ्यांचं बोलणं

सगळ्यांत अवघड काम साहित्याचं नव्हतं. ते मोठ्यांच्या हातांचं आणि तोंडाचं होतं. मुलाच्या वस्तूला हात लावायचा नाही, हे ठरवणं सोपं. आजीला बैलाचं डोकं ‘जरा मोठं’ करायचं होतं, आईला फोटोसाठी शिंगं सरळ करायची होती. दोघींनी हात आवरले, मला त्यांचं खरंच कौतुक आहे.

“किती छान!” हेही कमी करायला सांगितलं. ते ऐकलं की मूल पुढच्या वेळी छान करायला बसतं आणि मग छान होईना म्हणून उठतं. त्याऐवजी जे दिसतं ते सांगायचं : “इथं तू लई जोरात दाबलंस,” “हा गेरू दाट झालाय.” ‘हे काय काढलंस?’ असंही विचारायचं नाही, कारण अनेकदा त्यानं अजून ठरवलेलं नसतं. सांगावंसं वाटलं तर तो सांगतो.

ताईनं देखावे काढणं सोडलं नाही, सोडूही नये. ती तिच्या वहीत काढते, तो फरशीवर. त्यानं ‘काढून दे’ म्हटलं की ती एकच विचारते : “तू हात लावून पाहिलंस तेव्हा कसं लागलं?” हा प्रश्न बैलासाठी चालला, मांजरासाठी चालला, आजीच्या वाकळीसाठीही चालला. विमानासाठी चालला नाही. तेव्हा ती म्हणाली, “मलापण नाही माहीत, चल बाहेर बघू,” आणि दोघं गच्चीवर गेली.

यात नवं किंवा परकं काही नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडच्या टेकडीवर बालवाड्या चालवल्या तेव्हा आजूबाजूच्या बिया, पानं, माती हेच त्यांचं साहित्य होतं.

शाळा आणि अक्षरं

शाळेत पोळ्याच्या प्रदर्शनासाठी ‘बैलाचा मुखवटा’ मागितला होता. आईनं या वेळी रात्र जागवली नाही. बसलेला बैलच पुठ्ठ्यावर ठेवून पाठवला. तो टेबलावर मागच्या रांगेत ठेवला गेला. आईला वाईट वाटलं. मुलगा घरी येऊन सांगत होता की त्यानं सगळ्यांना रवंथ म्हणजे काय ते सांगितलं. नंतर आईनं बाईंना भेटून विनंती केली की गृहपाठात नमुना न पाठवता नुसता विषय सांगावा. बाईंनी नकार दिला नाही, पण चाळीस मुलांच्या वर्गात पालकांना ‘दिसणारं’ काही हवं असतं, ही त्यांची अडचणही खरी आहे. छापील आकारांची वही चालूच आहे. ती भरायची की नाही हे आता मुलावर सोडलं आहे.

लिहिण्याचं काय, हा आईचा मूळ प्रश्न. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 नं 3 ते 8 वर्षं हा पायाभूत स्तर धरला आहे आणि त्यात खेळ व कृतीवर भर आहे. पण आजूबाजूला सगळे नीट आणि जेईईबद्दल बोलत असताना हे एका आईला पटवणं सोपं नसतं. मी तिला एवढंच दाखवलं की मुलगा खडू आता मुठीत न धरता बोटांत धरतो, आणि हा बदल गिरवल्याशिवाय आला. अक्षरं अजून उलटसुलट येतात. ‘क’ला तो दोन वशिंडं काढतो. सहा वर्षांपर्यंत मी याची काळजी करणार नाही, आणि तिनंही करू नये असं मला मनापासून वाटतं.

नवरात्राच्या सुमारास त्यानं पहिला माणूस कागदावर काढला. मोठा गोल, दोन पाय, आणि गोलातून निघून कागदाच्या कडेपर्यंत गेलेले दोन हात. तो बाबा होता आणि एसटीतून हात करत होता. दमलेला असला की, किंवा पाहुणे आलेले असले की, ‘तूच काढून दे’ अजूनही ऐकू येतं. तेव्हा कुणी आग्रह करत नाही, कागद उचलून ठेवतात.

पुढचं असं ठरलंय. वेळ अमावस्येच्या सणाला सगळे गावी जातील, तेव्हा शेतात कडब्याची खोप उभी राहते तिच्या शेजारी त्याला त्याची लहान खोप करायला कडबा द्यायचा. ज्वारी निघाल्यावर धांड्यांच्या गाड्या करायच्या. धांड्याची साल हाताला कापते, म्हणून सोलायचं काम वडिलांचं, आतलं भेंड मुलाचं. फेब्रुवारीत ताई दहावीच्या अभ्यासात असेल, त्या काळात दुपारी त्याच्याजवळ आजी बसेल. तिला फक्त एक आठवण करून द्यावी लागते, डोकं मोठं करायचं नाही.